रंगाची पेनी

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या गल्लीबोळांतल्या लहान दुकानांत मुलांसाठी छापील कागद टांगलेले असत. त्यांचा भाव ठरलेला होता: साधा कागद एक पेनी, रंगीत दोन पेन्स. हा भाव लोकांच्या तोंडी इतका रुळला की इंग्रजीत पुढे त्याची म्हणच झाली. हिशेबाच्या नजरेनं पाहिलं तर हा भाव विचार करायला लावतो. पहिल्या पेनीत काय काय यायचं? नाटकाला जाऊन नटाची ऐट टिपून घेणारा चित्रकार, ती ऐट तांब्याच्या पत्र्यावर उलटी कोरणारा कारागीर, कागद, शाई, छापणारा, दुकानाचं भाडं आणि मालकाचा नफा. एवढा सगळा प्रपंच एका पेनीत भागायचा. दुसरी पेनी निव्वळ रंगाची.

पुढच्या ऐंशीएक वर्षांत ही दुसरी पेनी हळूहळू झिजत गेली आणि शेवटी नाहीशी झाली. 1890 च्या दशकात अमेरिकेत कॉफीच्या पुड्याबरोबर अनेक रंगांत छापलेली, कापून उभी करता येईल अशी कागदी बाहुली फुकट मिळू लागली होती. रंग एवढा स्वस्त कसा झाला आणि त्यापायी कोणाचं काय गेलं, हे समजून घ्यायचं तर जुन्या कागदी खेळण्यांइतका बोलका पुरावा दुसरा नाही. ग्रंथांच्या इतिहासात मजकुराला मान असतो. रंगाची गोष्ट मात्र मुलांच्या खेळण्यांत जास्त स्वच्छ वाचता येते.

लंडनचे ते कागद खेळण्यातल्या रंगभूमीचे होते. विल्यम वेस्ट नावाच्या दुकानदारानं 1811 मध्ये ते काढायला सुरुवात केली. शहरात जे नाटक गाजत असेल त्याचा पूर्ण संच कागदावर यायचा. एका तावावर तोच नट चार-पाच आविर्भावांत: तलवार उपसलेला, गुडघे टेकलेला, मेलेला. दुसऱ्यावर पडदे आणि विंगा, तिसऱ्यावर दर्शनी कमान, आणि सोबत संवादांची छोटी पुस्तिका. मुलं हे कागद पुठ्ठ्यावर चिकटवायची, पात्रं कापून काढायची आणि पत्र्याच्या लांब दांडीत अडकवून विंगेतून रंगमंचावर सरकवायची. कॉव्हेंट गार्डनला 1813 साली आलेलं ‘द मिलर अँड हिज मेन’ हे मुलांचं सर्वांत लाडकं नाटक. त्यात गिरणीवालाच दरोडेखोरांचा म्होरक्या असतो आणि शेवटच्या प्रवेशात त्याची गिरणी स्फोटानं उडते. तो स्फोट घरच्या टेबलावर घडवता येत असेल, तर मुलांना आणखी काय हवं! त्यासाठी तांबड्या उजेडाची दारूही विकत मिळायची.

रंगाचं काम घरांतून करून घेतलं जायचं. टेबलाभोवती माणसं बसायची. एकानं तांबडा लावून कागद पुढे सरकवायचा, दुसऱ्यानं निळा, तिसऱ्यानं पिवळा. रंग पातळ आणि पारदर्शक घेत, म्हणजे खालची काळी रेघ झाकली जाऊ नये. निळ्यावर पिवळा चढला की हिरवा आपोआप मिळे. अशा कागदावर भिंग धरलं की त्या घाईची खूण दिसते. शिपायाच्या कोटाचा तांबडा खांद्याची रेघ ओलांडून बाहेर आलेला असतो, विजारीचा निळा बुटापाशी कमी पडलेला असतो. रंगाच्या ठिपक्याची कड मधल्या भागापेक्षा गडद असते, कारण ओला रंग कडेला गोळा होऊन तिथे वाळतो. हा कागद माणसाच्या हातानं रंगवला आहे, याची त्याहून पक्की खूण नाही.

‘ट्रेझर आयलंड’चा लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याला या कागदांचं लहानपणापासून वेड होतं. 1884 मध्ये त्यानं त्यांच्यावर एक लेख लिहिला आणि त्या पेनी-दोन पेन्सच्या भावालाच लेखाचं शीर्षक केलं. त्याचा कौल साध्या कागदाच्या बाजूनं होता. खरं सुख स्वतः रंगवण्यात आहे, असं त्याचं म्हणणं. त्याच्या लेखामुळे हॉक्स्टन स्ट्रीटवरच्या बेंजामिन पोलॉकच्या दुकानाला नाव मिळालं. पोलॉकला हे दुकान सासऱ्याकडून आलेलं होतं. तो आणि पुढे त्याच्या मुली जुन्याच तांब्याच्या पत्र्यांवरून ताव छापत आणि हातानं रंगवत राहिल्या, अगदी विसाव्या शतकात. पोलॉक 1937 मध्ये गेला, दुसऱ्या महायुद्धात दुकानाच्या इमारतीवर बाँब पडला. स्टीव्हन्सननं लिहिलं त्या वेळीच हा धंदा मावळतीला लागला होता. रंग लावायची दुसरी, कितीतरी स्वस्त रीत तोवर जर्मनीतून जगभर पसरली होती.

त्या रीतीकडे येण्याआधी थोडं मागे जायला हवं. 1810 साली लंडनच्याच ‘एस. अँड जे. फुलर’ या दुकानानं ‘लिटल फॅनी’ची गोष्ट काढली. छोटं पुस्तक, सोबत कापलेल्या सात कागदी आकृत्या आणि सुटं मुंडकं एकच. नटण्यामुरडण्याच्या नादात फॅनी आईचं ऐकत नाही, कपडे गमावते, भीक मागते, काबाडकष्ट करते आणि शेवटी शहाणी होऊन घरी परतते. गोष्ट जशी पुढे जाईल तसं तेच मुंडकं पुढच्या पोशाखात खोवायचं. कल्पना सुरेखच, पण प्रत्येक आकृती हातानं रंगवलेली असल्यामुळे किंमत पाच ते आठ शिलिंग. म्हणजे कमीत कमी साठ पेन्या! गर्विष्ठपणाविरुद्ध धडा देणारं हे खेळणं फक्त श्रीमंतांच्या मुलींना परवडणारं होतं, आणि त्याला कारण होता रंग.

फ्रान्समधल्या एपिनाल गावानं यावर आपल्या परीनं उपाय काढला. जाँ-शार्ल पेलराँ यानं 1796 मध्ये तिथे छापखाना सुरू केला. पत्ते, घड्याळाच्या तबकड्या आणि संतांची चित्रं यांपासून निघालेला हा उद्योग पुढे नेपोलियनच्या सैनिकांपर्यंत, कागदी बाहुल्यांपर्यंत आणि कापून-चिकटवून उभ्या करायच्या घरांपर्यंत गेला. काळी रेघ लाकडी ठशानं छापायची, रंग मात्र साच्यातून भरायचा. रोगण दिलेल्या कागदात प्रत्येक रंगाच्या जागा कापून घ्यायच्या, तो साचा छापील तावावर ठेवायचा आणि जाड गोल कुंचला वरून फिरवायचा. पाच रंग असतील तर पाच साचे. प्रशियातल्या नॉयरुपिन गावात गुस्ताव क्यूनच्या छापखान्यातही हीच पद्धत होती. त्या तावांवर क्यूनच्या नावाची ओळ छापलेली असे आणि ती जर्मनीभर घराघरांत ओळखीची होती.

साच्यानं काम झपाट्यानं होऊ लागलं आणि त्याला कसबी हाताची गरज उरली नाही. म्हणूनच या कामाला बायका आणि मुलं लावली गेली. शिपायांचे आणि बाहुल्यांचे ताव मुलांसाठी होते आणि ते रंगवायला बसलेल्यांतही कित्येक मुलंच होती. जुन्या खेळण्यांबद्दल लिहिताना आपण चटकन हळवे होतो. तेव्हा ही गोष्ट विसरता कामा नये. एखादं मूल दिवसभर फक्त तांबडा रंग भरायचं आणि त्याच वयाचं दुसरं मूल संध्याकाळी तो शिपाई कात्रीनं कापायचं.

साचा असो की कुंचला, गणितातली मूळ अडचण मात्र सुटत नव्हती. एकदा ठसा कोरला की हजार प्रती काढायला हजारपट कोरावं लागत नाही. प्रती वाढल्या की रेघेचा दर प्रतीमागे उतरतो. रंगाचं तसं नव्हतं. हजार तावांना हजार वेळा कुंचला फिरवावाच लागे. जास्त छापलं म्हणून रंग स्वस्त होत नव्हता. तो स्वस्त व्हायचा तर रंगही रेघेसारखा छापता यायला हवा होता.

ती सोय एका दगडानं केली. आलॉयस सेनेफेल्डर हा म्युनिकचा धडपडणारा नाटककार. स्वतःची नाटकं छापायला पैसे नव्हते म्हणून छपाईची स्वस्त रीत शोधत होता. आईनं धुण्याचे कपडे लिहून घ्यायला सांगितलं, हाताशी कागद नव्हता, म्हणून त्यानं मेणकट शाईनं ती यादी दगडावरच लिहिली, अशी हकिकत त्यानं स्वतः लिहून ठेवली आहे. पुढच्या प्रयोगांतून 1798 च्या सुमारास शिळाछापाची रीत त्याच्या हाती लागली. तत्त्व साधं: तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. बव्हेरियातल्या सोलनहोफेनच्या खाणीतला चुनखडीचा गुळगुळीत दगड घ्यायचा, त्यावर तेलकट खडूनं किंवा शाईनं चित्र काढायचं, डिंक आणि सौम्य आम्ल लावून ते पक्कं करायचं. मग दगड पाण्यानं भिजवायचा. कोरी जागा पाणी धरते, चित्राची जागा पाणी झटकते. वरून तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्रावर बसते. कोरायचं काही नाही, खोदायचं काही नाही. चित्रकार कागदावर काढावं तसं दगडावर काढतो. सोलनहोफेनचा दगड इतका बारीक कणांचा आहे की आर्किऑप्टेरिक्स या आदिपक्ष्याच्या पिसांचे ठसेसुद्धा त्यात जसेच्या तसे राहिले.

मराठी वाचकाला शिळाछाप परका नाही. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये मराठी पंचांग छापलं ते दगडावरच. छपाईच्या शाईत जनावराची चरबी असे म्हणून सोवळ्यातली माणसं छापील पोथीला शिवत नसत. गणपत कृष्णाजींनी त्यासाठी शाईत तूप वापरलं, असं सांगतात. दगडाला स्निग्धता हवी असते, ती तुपाची की चरबीची याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

दगडावरून रंगही छापता येतील, हे सेनेफेल्डरनं ओळखलं होतं. 1818 च्या आपल्या ग्रंथात त्यानं तसं लिहिलंही. पण त्याची व्यवहार्य रीत बसवली ती म्यूलूझच्या गॉदफ्रॉय एंगेलमननं. 1837 मध्ये त्यानं या रीतीचं पेटंट घेतलं आणि तिला क्रोमोलिथोग्राफी असं नाव दिलं. एका रंगाला एक दगड. म्हणजे बाहुलीचा गुलाबी गाल, निळा झगा, पिवळे केस, तपकिरी बूट अशा प्रत्येकासाठी वेगळी शिळा, आणि एकच कागद एकामागून एक त्या सगळ्यांवरून जाणार.

या कामाचा प्राण होता दगडावर बसणारा चित्रकार. मूळ रंगीत चित्र समोर ठेवून तो मनातल्या मनात त्याचे रंग सुटे करायचा. या गालात पिवळा किती, तांबडा किती, वर करडी छटा कुठे. मग प्रत्येक दगडावर त्या त्या रंगाचा भाग बारीक ठिपक्यांनी भरायचा, तोही उलटा आणि काळ्या शाईत. दगडावर सगळं काळंच दिसतं. कुठल्या काळ्याचा पुढे गुलाबी होणार हे फक्त त्याला ठाऊक. साधारणपणे फिकट रंग आधी छापले जात आणि गडद नंतर. चांगल्या चित्राला दहा-बारा दगड सहज लागत, कधी वीसही. प्रत्येक वेळी कागद नेमका त्याच जागी बसावा म्हणून कडेला फुल्या काढलेल्या असत. कागद हवेतल्या ओलाव्यानं फुगतो आणि आकसतो. त्यामुळे एखाद्या दमट दिवशी ओठांचा तांबडा हनुवटीवर सरकायचा. छापखान्यात आजही ‘रंग हलला’ म्हणतात ते हेच.

अशा छपाईवर भिंग धरलं की दोन्ही रीतींतला फरक डोळ्यांत भरतो. बाहुलीचा गाल जवळून पाहिला तर गाल दिसतच नाही. फिकट पिवळ्या पायावर तांबडे ठिपके, त्यांच्यामध्ये विरळ निळे ठिपके. आजच्या ऑफसेट छपाईतले ठिपके ओळीत शिस्तीनं उभे असतात. इथले मात्र वेडेवाकडे आहेत, कुठे दाट, कुठे विरळ. गालाचा उंचवटा जिथे संपतो तिथे ते हळूहळू तुटक होत जातात. यांतला ठिपका न् ठिपका कोणीतरी दगडावर वाकून टेकवलेला आहे. भिंग बाजूला केलं की ते मिसळतात आणि गाल पुन्हा गुलाबी होतो.

एवढी मेहनत महाग पडायला हवी होती. ती स्वस्त पडली याचं कारण पुढच्या दोन-तीन सोयींत आहे. दगडावरचं चित्र एका खास कागदावर उतरवून दुसऱ्या मोठ्या दगडावर पुन्हा पुन्हा बसवता येई. म्हणजे एकदा काढलेली बाहुली एकाच शिळेवर वीस-तीस वेळा मांडायची आणि एका दाबात वीस-तीस बाहुल्या छापायच्या. दगडाच्या जागी हलका जस्ताचा पत्राही आला. शतकाच्या मध्यानंतर शिळाछापाला वाफेची यंत्रं जोडली गेली; हातयंत्रावर दिवसभरात काहीशे छापे निघत, तर वाफेच्या यंत्रावर तासालाच शेकडो निघू लागले. त्याच सुमारास जर्मनीत केलर नावाच्या माणसानं लाकडाच्या लगद्यापासून कागद करायची रीत शोधली आणि चिंध्यांपासून बनणाऱ्या कागदाची टंचाई मिटली. 1856 मध्ये पर्किन या रसायनशास्त्रज्ञाला जांभळा कृत्रिम रंग सापडला आणि त्यानंतर भडक, स्वस्त रंगांची रांगच लागली. चित्रकाराची महिनाभराची मेहनत आता लाखभर प्रतींवर विभागली जात होती. रेघेला जे गणित आधीपासून लागू होतं, ते आता रंगालाही लागू झालं.

न्यूयॉर्कची ‘मॅक्लॉक्लिन ब्रदर्स’ ही कंपनी म्हणजे या बदलाचा चालताबोलता पुरावा. 1828 मध्ये सुरू झालेल्या या घराण्याच्या सुरुवातीच्या कागदी बाहुल्या साच्यानं आणि हातानं रंगवलेल्या आहेत: ठसठशीत काळी रेघ, वर दोन-तीन सपाट रंग. 1863 मध्ये जनरल टॉम थंब या ठेंगण्या कलाकाराचं लग्न न्यूयॉर्कमध्ये वाजतगाजत झालं आणि कंपनीनं त्या वऱ्हाडाच्या बाहुल्या बाजारात आणल्या. ताज्या बातमीचं खेळणं करायचा धंदा तेव्हाही चालायचा. पुढे ब्रुकलिनमध्ये कंपनीचा मोठा कारखाना उभा राहिला. चित्रकारच पंचाहत्तरापर्यंत नोकरीला होते, आणि मुलांची पुस्तकं, खेळ, ठोकळे, बाहुल्या सगळं रंगीत छापून देशभर जाऊ लागलं. या घराण्याच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या बाहुल्या शेजारी ठेवल्या तर रंगाची सगळी कथा दोन कागदांत वाचता येते.

मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या मिल्टन ब्रॅडलीची हकिकत तर नाटकात शोभावी अशी आहे. 1860 मध्ये त्यानं शिळाछापाचा छापखाना टाकला. निवडणुकीचे दिवस होते. त्यानं उमेदवार अब्राहम लिंकनचं दाढी नसलेलं चित्र छापलं आणि ते हातोहात खपलं. मग लिंकननं दाढी वाढवली. गिऱ्हाइकं पैसे परत मागू लागली आणि उरलेला गठ्ठा वाया गेला. रिकाम्या यंत्रापुढे बसलेल्या ब्रॅडलीनं मग पटावरचा एक खेळ छापला, ‘द चेकर्ड गेम ऑफ लाइफ’. पहिल्या वर्षातच त्याच्या 40 हजारांवर प्रती खपल्या. 1866 मध्ये त्यानं ‘मिरिऑप्टिकॉन’ काढलं: रंगमंचासारखी पुठ्ठ्याची पेटी आणि आत दोन दांड्यांवर गुंडाळलेली यादवी युद्धाच्या रंगीत चित्रांची लांब पट्टी. मूल दांडी फिरवत निवेदन वाचायचं आणि घरचे लोक तिकिटं घेऊन समोर बसायचे. सिनेमा तेव्हा तीस वर्षं दूर होता. 1920 मध्ये मॅक्लॉक्लिन कंपनीही शेवटी ब्रॅडलीच्याच कंपनीनं विकत घेतली.

पण रंगीत कागदाची खरी राजधानी जर्मनी होती. बर्लिनमधले छापखाने फुलं, देवदूत, मांजरं, शिपाई असे छोटे छाप लाखांनी काढत. आधी दगडावर छपाई, मग वरून चकाकीचा थर, मग साच्यात दाबून उठाव आणि शेवटी डाय पंचिंग, म्हणजे पोलादी साच्यानं आकाराबरहुकूम कापणं. सगळे छाप बारीक कागदी पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले राहत आणि त्या पट्ट्यांवर कंपनीचं नाव असे. ते वह्यांत चिकटवायचं वेड युरोप-अमेरिकेत दोन पिढ्या टिकलं. इंग्लंडच्या राफाएल टक कंपनीच्या सुंदर बाहुल्यांसारख्या मालाचंही बरंचसं छापकाम जर्मनीत व्हायचं. 1887 च्या ब्रिटिश कायद्यानं परदेशी मालावर देशाचं नाव टाकणं सक्तीचं केलं, म्हणूनच इंग्रजी खेळण्यांच्या पाठीवर बारीक अक्षरांत जर्मनी, बव्हेरिया किंवा सॅक्सनीचं नाव सापडतं.

डाय पंचिंगनं आणखी एक गोष्ट झाली. रंग भरायचं काम यंत्राकडे गेलं तरी कात्री मुलाच्याच हातात होती. आता कापायचं कामही कारखान्यानं घेतलं. मुलाच्या वाट्याला फक्त खेळणं उरलं. स्वतः रंगवण्यातच खरं सुख, हे स्टीव्हन्सनचं म्हणणं मला इथे जास्त पटतं.

म्युनिकच्या लोथर मेगेंडोर्फरनं मात्र या स्वस्त रंगातून अशी खेळणी घडवली की त्यांना आजही तोड नाही. 1878 मध्ये त्यानं आपल्या मुलासाठी नाताळची भेट म्हणून हलत्या चित्रांचं पुस्तक केलं. त्याच्या पुस्तकात पानाखालची एक पट्टी ओढली की चित्रातला माणूस डोळे फिरवतो, हात उचलतो, तोंड उघडतो आणि शेजारचं माकड त्याची टोपी पळवतं. सगळं एकाच ओढीत, पण एकदम नव्हे, एकामागून एक. पानं आतून उघडून पाहिलेल्यांना तिथे कागदाच्या तरफांचं जाळं सापडतं. प्रत्येक सांध्याला तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी खिळ्यासारखी बसवलेली असते. ती सैल असली की सांधा फिरतो, घट्ट असली की कागद फाटतो. 1887 मध्ये एसलिंगेनच्या श्रायबर प्रकाशनानं काढलेली त्याची ‘आंतरराष्ट्रीय सर्कस’ उलगडली की सहा रिंगणांचा अर्धगोल उभा राहतो आणि प्रेक्षकांसकट साडेचारशे आकृत्या त्यात दिसतात. या पुस्तकांतला रंग यंत्राचा होता, पण तारा आणि तरफा एकेक करून माणसांनीच बसवल्या. त्यामुळे ती कधीच फार स्वस्त झाली नाहीत.

अमेरिकेत मात्र रंगीत बाहुली जाहिरातीच्या हाती गेली. ‘लायन कॉफी’च्या पुड्यातून, ‘जे. अँड पी. कोट्स’च्या दोऱ्याच्या रिळांबरोबर बाहुल्या वाटल्या जाऊ लागल्या. 1908 मध्ये ‘लेडीज होम जर्नल’ या मासिकात लेट्टी लेन ही बाहुली तिच्या कपड्यांसह छापून यायला लागली; ताई-माईंनी मासिक वाचावं आणि मुलींनी पान कापावं. रंगाची पेनी इथे संपली. लंडनच्या घरांतलं टेबल रिकामं झालं, एपिनालच्या साच्यांवर वाकलेली मुलंही त्या कामातून सुटली. या एका बदलाबद्दल मला जराही हळहळ वाटत नाही. दुःख आहे ते दगडावरच्या चित्रकारांचं. त्यांच्यातल्या बहुतेकांचं नाव कुठेही छापलेलं नाही, आणि छपाई संपली की दगड घासून पुन्हा वापरत असल्यामुळे त्यांचं मूळ काम त्याच दिवशी पुसलं जायचं.

याच दगडांवर आपल्या घरांतल्या भिंतीही रंगल्या. पुण्यात 1878 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा सुरू केली. रामपंचायतनापासून नाना फडणवीसांपर्यंतची रंगीत चित्रं तिथून घरोघर गेली. 1894 मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीचे, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची मालकीही फ्रिट्झ श्लायशर या जर्मनाकडे आली. त्या छापखान्याशी संबंध आलेले दादासाहेब फाळके स्वतःचा छापखाना काढून 1909 मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीलाच गेले होते. आपल्याकडे ही कला खेळण्यांपेक्षा देवांच्या कामी आली. तरी एक साम्य मला फार जवळचं वाटतं. लंडनची मुलं नटांच्या छापील चित्रांवर चकचकीत पत्र्याचे तुकडे आणि कापड चिकटवून ती सजवत; आपल्या घरांतल्या बायकांनी रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वतींना खरी जर, टिकल्या, मणी आणि कापडाची साडी लावली. छापून आलेल्या चित्राला हात लावल्याशिवाय ते आपलं वाटत नाही, असंच दोन्हीकडे झालं असावं.

हातानं रंगवलेल्या कागदाचं आपल्याकडे पुढे काय झालं, ते सावंतवाडीनं पाहिलं आहे. तिथल्या दशावतारी गंजिफ्याच्या एका जोडात 120 गोल पत्ते, प्रत्येक पत्ता हातानं रंगवून लाखेनं चकाकवलेला. छापील पत्त्यांच्या स्वस्ताईपुढे हा खेळ जवळपास संपला होता. राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी उरल्यासुरल्या कारागिरांकडून तो शिकून राजवाड्यात पुन्हा सुरू केला, म्हणून आज तो पाहायला तरी मिळतो.

जुनी कागदी खेळणी फार कमी उरली आहेत. लाकडाच्या लगद्याचा जो कागद स्वस्त म्हणून आला, तोच स्वतःतल्या आम्लानं पिवळा पडून भुगा होतो. उरलं त्यातलंही जागेअभावी आणि पैशाअभावी उघड्यावर येतं; पोलॉकच्या नावाचं लंडनमधल्या जुन्या इमारतीतलं संग्रहालय 2023 मध्ये बंद झालं. शिवाय संग्रहांतून जे जपलं गेलं ते बहुतांशी न कापलेलं, म्हणजे ज्याच्याशी कोणी खेळलंच नाही असं. ज्या बाहुल्यांवर मुलांनी खरंच जीव लावला त्या फाटल्या, भिजल्या, चुलीत गेल्या.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. दिवाळीत माळे आणि जुन्या पेट्या उघडल्या जातात. एखादा छापील सोंगट्यांचा पट, कापलेल्या बाहुल्यांचं पाकीट, जर लावलेली लक्ष्मी किंवा लेबलांनी भरलेली वही हाती लागली, तर ती रद्दीत घालू नका. फाटलं असेल तिथे सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका, आणि उन्हाच्या भिंतीवर टांगू नका. दोन पांढऱ्या आम्लरहित कागदांमध्ये सपाट ठेवा. ते कोणाचं होतं, कोणत्या गावचं, साधारण कोणत्या सालचं, हे वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलनं लिहून सोबत ठेवा, आणि घरात ठेवायला जागा नसेल तर जवळच्या संग्रहालयाला किंवा ग्रंथालयाला द्या. पुढच्या पाव शतकात हा कागद आणखी ठिसूळ होणार आहे, तेव्हा हे काम याच दिवाळीत करा.